कुलूप लावलेल्या घरांचं काय करायचं?

मजुरी, रोजगार आणि घरांच्या पाहण्यांबद्दल आलेली पाच पत्रं या वेळी घेतली आहेत. मी अर्थशास्त्र शिकवत होते तेव्हा दर वर्षी विद्यार्थ्यांबरोबर मराठवाड्यात प्रश्नावल्या घेऊन हिंडायचे. त्यामुळे पहिल्या पत्राचं उत्तर जरा लांबलं आहे.

प्रश्न : मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. धारूर तालुक्यातल्या काही गावांत मजूर कुटुंबांच्या उत्पन्नाची पाहणी डिसेंबर-जानेवारीत केली. मतदार यादीतून रँडम नावं काढली. घराला कुलूप असेल तर शेजारचं घर घेतलं. आता सरासरी उत्पन्न वाटलं होतं त्यापेक्षा बरंच जास्त येतंय. सर म्हणतात, नमुना रँडम आहे, काळजी करू नकोस. – एक विद्यार्थी, बीड जिल्हा

काळजी करा. तुमच्या सरांचा मान राखून सांगते, नमुना रँडम होता तो यादीतून नावं काढेपर्यंत. कुलूप दिसल्यावर तुम्ही शेजारच्या घरात शिरलात तिथे तो रँडम राहिला नाही.

डिसेंबरात धारूर, केज, वडवणी, पाटोदा या भागात घराला कुलूप का असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर ठरलेला असतो, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता कारखान्यावर जातो. लहान मुलं बरोबर, शाळेतली आजीपाशी. जाणारं घर आणि राहणारं घर यांच्यातला फरक साधारणपणे पाण्याचा असतो. ज्याची विहीर डिसेंबरात चालू असते त्याच्या रानात गहू-हरभरा उभा असतो, त्याला जायची गरज पडत नाही. म्हणजे तुम्ही उसाच्या फडात गेलेल्या कोरडवाहू कुटुंबाच्या जागी विहीरवालं कुटुंब बसवलंत. ते एकदा झालं असतं तर चाललं असतं, पण प्रत्येक कुलपाला तेच झालं, प्रत्येक वेळी एकाच दिशेने. सरासरी वर गेली ती त्यामुळे.

राष्ट्रीय नमुना पाहणीतही बदली घर घेण्याची सोय आहे. पण तिथे कोणतं घर मूळचं, कोणतं बदली आणि कोणतं अजिबात मिळालं नाही याची नोंद ठेवावी लागते, आणि बदली का घेतलं ते कारण लिहावं लागतं. सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर गेलेला माणूस त्यांच्या व्याख्येप्रमाणे त्याच कुटुंबाचा सदस्य धरला जातो. पण अख्खं कुटुंबच गेलं असेल तर व्याख्या कितीही चांगली असली तरी उत्तर द्यायला दारात कुणी नसतं.

दुसरी एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगते. मतदार यादीतून नावं काढली आणि त्या नावाचं घर घेतलं, तर पाच मतदारांच्या घराला एका मतदाराच्या घरापेक्षा पाचपट संधी मिळाली. एकटी राहणारी विधवा बाई तुमच्या नमुन्यात येण्याची शक्यता सगळ्यांत कमी, आणि गरिबी मोजायला निघालेल्या माणसाने तिलाच गाठायला हवं होतं. हे मात्र दुरुस्त करणं सोपं आहे. प्रत्येक घरातल्या मतदारांची संख्या तुमच्याकडे आहेच, तिच्या व्यस्त प्रमाणात त्या घराला वजन द्या.

कुलपाचं काय करायचं? सगळ्यांत आधी गावनिहाय तक्ता करा : निवडलेली घरं किती, उघडी किती, कुलूप किती, शेजारचं घेतलं किती. हा तक्ता प्रबंधाच्या परिशिष्टात टाकू नका, पद्धतीच्या प्रकरणात घ्या. मग अक्षय्य तृतीयेनंतर, टोळ्या परतल्या की, त्या कुलपांपैकी काही घरं पुन्हा चिठ्ठ्या टाकून निवडा आणि तेवढ्याच घरांना नेटाने गाठा. हॅन्सेन आणि हर्विट्झ या संख्याशास्त्रज्ञांनी १९४६ साली नेमकी हीच वाट दाखवली होती. टपालाने उत्तर न पाठवणाऱ्यांपैकी थोडे निवडायचे, त्यांच्याकडे माणूस पाठवायचा आणि त्या थोड्यांना सगळ्या गप्प राहिलेल्यांचं वजन द्यायचं. एकही घर परत गाठणं शक्य नसेल तर निदान दोन टोकं काढा. कुलपातल्या घरांचं उत्पन्न तुमच्या नमुन्यातल्या सगळ्यांत खालच्या घरांइतकं धरलं तर सरासरी किती येते, आणि उघड्या घरांइतकंच धरलं तर किती? या दोन आकड्यांमधलं अंतर वाचकाला दिसू द्या. ते मोठं असेल तर ते लपवण्यात तुमचं भलं नाही.

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या किमान वेतनाचा कार्ड आणि क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास तुम्ही वाचला असेल. १ एप्रिल १९९२ ला तिथलं किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ झालं, आणि त्यांनी न्यू जर्सी व शेजारच्या पूर्व पेन्सिल्व्हेनियातली ४१० फास्ट फूडची दुकानं आधी आणि नंतर पाहिली. वर्गात त्यांचा निष्कर्ष शिकवतात. मला त्यातली एक साधी गोष्ट जास्त मोलाची वाटते. दुसऱ्या फेरीत जी दुकानं फोनवर मिळाली नाहीत तिकडे त्यांनी माणूस धाडला, आणि जी कायमची बंद पडली होती ती गाळली नाहीत, त्यांचा रोजगार शून्य धरून मोजली. बंद दुकानं गाळली असती तर वेतनवाढीने दुकान बंद पडतं का, हा प्रश्नच पुसला गेला असता.

आणि परत जाल तेव्हा 'गेल्या महिन्याचं उत्पन्न' विचारू नका. उचल हंगामाच्या आधी एकरकमी हातात पडते आणि पुढे सहा महिने फिटत राहते. एखाद्या दिवसाचा खाडा झाला तर उलट पैसे कापले जातात. हंगामाचा पूर्ण हिशेब विचारा : उचल किती, टनाला भाव किती, किती टन भरले, कापले किती, अंगावर बाकी किती. घरातल्या बाईलाही बसवून विचारा. कोयत्याची मजुरी जोडीला मिळते आणि नाव एकाचंच असतं. त्यामुळे तिची मजुरी वेगळी कधी दिसतच नाही.

प्रश्न : मी घरी विड्या वळते. मध्यंतरी सर्वेक्षणाला एक बाई आल्या. सासऱ्यांनी दार उघडलं आणि सून घरीच असते म्हणाले. मी आत पानं कापत होते. त्यांनी तेवढंच लिहिलं आणि गेल्या. मग पेपरात येतं की बायका काम करत नाहीत. – एक वाचक, सोलापूर

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुमच्यावर अन्यायच झाला, आणि नियमाप्रमाणे पाहिलं तरी ती नोंद चूक आहे. सरकारी रोजगार पाहणीत प्रत्येक माणसाला एक संकेतांक मिळतो. ९२ म्हणजे फक्त घरकाम. ९३ म्हणजे घरकाम करून वर सरपण-चारा गोळा करणं, घरच्यापुरतं शिवणं-विणणं. हे दोन्ही 'काम न करणाऱ्यां'त जातात. २१ म्हणजे घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी मदत, आणि ही मात्र काम करणाऱ्यांत मोजतात. ठेकेदाराकडून पान-तंबाखू आणून हजारी दराने विड्या वळून देणारी बाई तर सरळ कामगार आहे, त्यात शंकेला जागाच नाही. फक्त तसं विचारायला हवं होतं : 'घरी बसून विकण्यासाठी काही करता का? विड्या, पापड, शिवण, काहीही?'

प्रश्न कसा आणि कुणाला विचारला यावर आकडा किती हलतो, हे काही संशोधकांनी टांझानियात प्रयोग करून पाहिलं आहे. घरं सारखीच, पण काही ठिकाणी थोडक्यात प्रश्न, काही ठिकाणी खोदून; काही ठिकाणी त्या माणसालाच, काही ठिकाणी घरातल्या दुसऱ्याला. थोडक्यात विचारलं तिथे बायकांचा रोजगार कमी भरला. दुसऱ्याने उत्तर दिलं तिथे मात्र बायकांच्या आकड्यात फरक पडला नाही, पुरुषांचा रोजगार घटला, कारण त्यांचं शेतावरचं काम सांगायचं राहून गेलं. तुमच्या सासऱ्यांवरून मी जो अंदाज बांधला असता त्याच्या हे उलट आहे. म्हणून झुकाव कुठल्या बाजूला आहे हे मनाने ठरवू नये, त्या त्या ठिकाणी तपासावं.

पेपरातल्या आकड्याबद्दल. पंधरा वर्षांवरच्या बायकांचा श्रमशक्तीतला सहभाग, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या बायकांचं प्रमाण, २०१७-१८ साली २३.३ टक्के होता, २०२३-२४ साली ४१.७ टक्के. ग्रामीण भागात तो २४.६ वरून ४७.६ वर गेला. एवढ्या थोड्या वर्षांत बायकांचं जगणं इतकं बदललं का? वाढ मुख्यतः खेड्यांत आणि स्वयंरोजगारात दिसते, पगारी नोकऱ्यांत नाही. माझं मत असं, की त्यातला काही भाग गरजेने कामाला लागलेल्या बायकांचा आहे, आणि काही भाग आधीही राबत असलेल्या पण आता २१ मध्ये लिहिल्या गेलेल्या बायकांचा. दुसरा भाग मोठा असेल तर ती वाढ नव्हे, उशिरा झालेली मोजणी आहे. ज्यांना हा आकडा यश म्हणून मिरवायचा आहे त्यांनी आधी हे वेगळं करून दाखवावं.

याच सुराची आणखी एक गफलत आहे. बायकांची सरासरी मजुरी काढताना फक्त मजुरी मिळवणाऱ्या बायका हिशेबात येतात. ज्या घरी थांबल्या त्यांना किती मिळाली असती ते कुणी पाहिलेलं नाही. अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांनी १९७९ साली या दुरुस्तीची रीत मांडली आणि २००० साली त्यांना नोबेल मिळालं. या गफलतीचा प्रत्यय कोविडमध्ये आला. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत सरासरी ताशी मजुरी एकदम वाढलेली दिसली. कुणाचा पगार वाढला नव्हता. हॉटेलांतली, दुकानांतली कमी पगाराची माणसं कामावरून गेली आणि सरासरीतून बाहेर पडली.

प्रश्न : इंग्रजी येणाऱ्यांना तिसऱ्या हिश्शाने जास्त पगार मिळतो असं वाचलं. मुलीला मराठी शाळेतून काढून इंग्रजी माध्यमात घालावं का? – एक पालक, सातारा

तुम्ही वाचलं तो आकडा बहुधा २००५ च्या एका देशव्यापी घरोघरच्या पाहणीवर आधारलेला आहे. तिच्यात अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषांची ताशी मजुरी ३४ टक्के जास्त आणि थोडंफार बोलणाऱ्यांची १३ टक्के जास्त निघाली. अभ्यास चांगला आहे. शिक्षण, वय, जात, जिल्हा हे सगळं त्यात लक्षात घेतलं आहे. तरीही दोन गोष्टी बघा. तो इंग्रजी येण्याबद्दल आहे, माध्यमाबद्दल नाही. मराठी शाळेतून शिकून उत्तम इंग्रजी बोलणारे त्या ३४ टक्क्यांतच आहेत. आणि ज्या घरातली मुलं इंग्रजी शिकली त्या घरांकडे मोजता न येणारंही बरंच असतं. बापाची ओळख, आईचं अभ्यासाला घेऊन बसणं, शहरातला मामा.

मुंशी आणि रोझेन्झ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी दादरमधल्या मराठी कुटुंबांचा अभ्यास करून २००६ साली प्रसिद्ध केला. नव्वदच्या दशकात इंग्रजी शाळेचा फायदा वाढला, तरी कामगार जातींतले मुलगे मराठी शाळांतच जात राहिले, मुली मात्र इंग्रजीकडे वळल्या. कारण मुलग्यांना जातभाईंच्या ओळखीने ठरलेली कामं मिळत होती, त्या जाळ्यात मुलींना कधी जागाच नव्हती. म्हणजे कोण कुठल्या शाळेत जातं हे चिठ्ठ्या टाकून ठरत नाही, त्यामागे घरं, नाती आणि नोकऱ्या उभ्या असतात. दोन शाळांतल्या मुलांच्या पगारांची नुसती तुलना केली की हे सगळं शाळेच्या खात्यात जमा होतं.

गणिताने ते वेगळं काढता येत नाही का, असं तुम्ही विचाराल. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट लालोंद यांनी १९८६ साली हेच तपासलं. अमेरिकेत सत्तरच्या दशकात अडलेल्या लोकांसाठी एक रोजगार-प्रशिक्षण योजना झाली होती. तिच्यात कोण घ्यायचा हे अक्षरशः सोडतीने ठरलं होतं, त्यामुळे खरा परिणाम माहीत होता : पुरुषांची कमाई वर्षाला ८८६ डॉलरने वाढली. लालोंद यांनी सोडतीतले न निवडलेले बाजूला ठेवले, त्यांच्या जागी देशव्यापी पाहण्यांतले सामान्य कामगार तुलनेला घेतले आणि प्रचलित रीतींनी दुरुस्त्या करून पाहिल्या. उत्तरं वाटेल तशी आली. काही गणितांत तर प्रशिक्षणाने माणसाचं नुकसान झालं असं निघालं.

मुलीचं म्हणाल तर, ३४ टक्क्यांवर तिची शाळा ठरवू नका. तिला आता शाळेत काय समजतंय ते बघा. इंग्रजी चांगलं शिकवणारी एक बाई त्या मराठी शाळेत असेल तर तिला तिथेच राहू द्या, असं मी माझ्या भाचीला सांगितलं होतं आणि तुम्हालाही तेच सांगते.

प्रश्न : नमुना खूप मोठा घेतला तर बायस आपोआप जातो ना? – एक शिक्षक, जळगाव

नाही. नमुना मोठा केला की योगायोगाने होणारी चूक कमी होते. एकाच बाजूला ढकलणारी चूक तेवढीच राहते, उलट आकड्यावरचा विश्वास वाढतो आणि ती दिसेनाशी होते. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४६ साली पीक-कापणीच्या प्रयोगांबद्दल, म्हणजे शेताचा एक तुकडा कापून सगळ्या पिकाचा अंदाज काढण्याबद्दल, हेच दाखवलं. शेतात कापायचा तुकडा फार लहान घेतला की त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने कड मोठी होते. कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, अशी वेळ आली की कापणाऱ्याचा कल आत धरण्याकडे असतो. त्यामुळे उतारा फुगतो. असे हजारो तुकडे कापले तरी हजारो तुकड्यांत तेच होतं. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते आणि दोघांचा वाद बराच काळ चालला.

प्रश्न : पीएच.डी.चा विषय : किमान वेतन आणि यंत्रमागावरचा रोजगार. माझा निकाल सिग्निफिकंट येत नाही. गाईड म्हणतात, सुरुवातीची दोन वर्षं वगळून बघ, मोठे कारखाने काढून बघ. तसं केलं तर येतो. तो छापू का? – एक संशोधक, इचलकरंजी

एकटाच छापू नका. सगळी गणितं छापा.

तुमच्याच विषयात याचा जुना दाखला आहे. १९९५ साली कार्ड आणि क्रूगर यांनी किमान वेतन व तरुणांचा रोजगार यांवरचे आधीचे कालक्रमिक अभ्यास एकत्र ठेवले. नवनव्या अभ्यासांत वर्षं वाढत गेली, डेटा वाढत गेला. परिणाम योगायोगाच्या चुकीच्या किती पट आहे हे टी-आकडा सांगतो, आणि तो साधारण दोनच्या वर गेला की निकालाला 'सिग्निफिकंट' म्हणतात. परिणाम खरा असेल तर डेटा वाढेल तसा टी-आकडा वाढायला हवा. तो वाढला नाही, दोनच्या आसपास घुटमळत राहिला. म्हणजे जो निकाल दोनच्या वर गेला तो छापला गेला, बाकीचे कपाटात राहिले, असा संशय घ्यायला पुरेसं कारण होतं. पुढे मोठ्या नियतकालिकांतल्या हजारो चाचण्या तपासणाऱ्यांनाही तेच दिसलं : सिग्निफिकंट ठरण्याच्या रेषेच्या जरा वर निकालांची गर्दी, जरा खाली खळगा.

तुम्ही खोटं लिहिताय असं मी अजिबात म्हणत नाही. प्रत्येक वगळण्याला काहीतरी कारण सापडतंच, म्हणून तर हे इतकं सहज होतं. पण निकाल पाहिल्यानंतर कारण सापडलं असेल तर वाचकाला ते कळायला हवं. सगळी वर्षं, सगळे कारखाने, दोन वर्षं वगळून, मोठे वगळून, असे स्तंभ एकाच तक्त्यात शेजारी शेजारी लावा. पहिला स्तंभ तुमचा मुख्य निकाल असू द्या, आणि तो सिग्निफिकंट नाही असं साध्या वाक्यात लिहा. परिणाम शून्य आहे असं मात्र लिहू नका. विश्वासांतर द्या : रोजगार जास्तीत जास्त एवढा घटला असू शकतो आणि एवढा वाढला असू शकतो. इचलकरंजीच्या माणसाला त्या दोन टोकांतून जे कळेल ते सिग्निफिकंट आकड्यापुढच्या ताऱ्याच्या खुणेतून कळणार नाही.

गाईडना मोठे कारखाने काढायचे आहेत, मला लहानांची काळजी आहे. तुमचा डेटा वार्षिक उद्योग पाहणीचा असेल तर त्यात मुख्यतः कारखाने कायद्याखाली नोंदलेले कारखाने येतात. नोंदणीच्या मर्यादेखाली राहायला एकाच शेडमधले माग दोन-तीन नावांवर लावलेले असतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. वेतन वाढल्यावर मालकाने असे तुकडे पाडले, तर पाहणीत रोजगार घटलेला दिसेल आणि कामगार त्याच शेडमध्ये त्याच मागावर असेल. वीजजोडण्यांवरून किंवा माग-मालकांच्या संघटनांच्या याद्यांवरून लहान शेडची वेगळी यादी करता येईल का ते बघा. निदान एका पेठेतली तरी करा. तेवढ्या कामासाठी प्रबंधाला सहा महिने उशीर झाला तरी चालेल, गाईडशी तसं बोला.